वाचकांचे प्रश्न : कडीला भोक की खाच?

या वेळची बहुतेक पत्रे लाकडी मजल्यांबद्दल आहेत. वर नवी न्हाणी काढायची आहे, पाइप फळ्यांखालून न्यायचे आहेत आणि वाटेत कड्या आडव्या येतात, असा साधारण मामला आहे. पुढच्या उत्तरांत 'कडी' म्हणजे फळ्यांखाली ठरावीक अंतराने टाकलेले, दोन्ही टोकांना भिंतीवर किंवा तुळईवर टेकलेले लाकूड. तिची 'उंची' म्हणजे उभे माप आणि 'गाळा' म्हणजे दोन आधारांमधले मोकळे अंतर. आकडे साध्या चिरीव लाकडाच्या, चौकोनी छेदाच्या कड्यांसाठी आणि घरगुती वजनासाठी आहेत. जिच्यावर भिंत किंवा पाण्याची टाकी उभी आहे, जी आधीच चिरली आहे किंवा जिला वाळवी लागली आहे, अशा कडीला ते लावू नका. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

प्रश्न : आमच्या वरच्या मजल्याच्या कड्या ५० × २२५ मिमीच्या आहेत, ४०० मिमी अंतराने टाकलेल्या, गाळा ४ मीटर. सांडपाण्याचा ४० मिमीचा एक पाइप आणि गरम-गार पाण्याचे २० मिमीचे दोन पाइप पाच कड्यांना आडवे न्यायचे आहेत. सुतार म्हणतो, कड्यांना मधोमध भोके पाडा. प्लंबर म्हणतो, फळ्या उचलल्याच आहेत तर वरून खाचा मारून पाइप बसवू, तासाभराचे काम. कोणाचे ऐकावे?

सुताराचे. प्लंबरचे काम तासाभरात होईल हे खरे, पण त्यानंतर मजला हलायला लागला तर त्याला बोलवून उपयोग नाही.

वजन आले की कडी खाली लवते. लवताना तिची वरची कड दाबली जाते आणि खालची ताणली जाते. वरून खाली येताना दाब कमी कमी होत जातो, मधोमध शून्यावर येतो आणि तिथून पुढे ताण सुरू होऊन खालच्या कडेला सर्वांत जास्त होतो. म्हणजे वाकण्याला विरोध करण्याचे काम मुख्यतः वरचे आणि खालचे लाकूड करते. मधल्या लाकडावर हा भार फार थोडा असतो, म्हणून भोकासाठी जागा शोधायची ती तिथे.

तुमच्याच कडीचे गणित पाहा. ५० मिमी व्यासाचे भोक बरोबर मध्यरेषेवर पाडले, तर त्या जागी कडीचा ताठपणा सुमारे १ टक्क्याने घटतो. तेच ५० मिमी वरून खाच म्हणून काढले, तर २२५ पैकी १७५ मिमी उंची उरते. वाकण्याविरुद्धचे बळ उंचीच्या वर्गावर आणि ताठपणा घनावर अवलंबून असतो. त्यामुळे त्या छेदातले बळ जवळपास ४० टक्क्यांनी उतरते आणि ताठपणा निम्म्याहूनही कमी राहतो. लाकूड काढले ते दोन्हीकडे ५० मिमीच.

'खाच वरच्या कडेला आहे, तिथे दाबच येतो, आणि खाचेत पाइप बसतोच की' असे उत्तर तुम्हाला ऐकायला मिळेल. पाइप दाब घेत नाही. शिवाय खाचेच्या आतल्या चौकोनी कोपऱ्यात जोर एकवटतो आणि चीर तिथूनच निघते. लाकूड शिरांच्या दिशेने सहज फाटते, त्यामुळे अशी चीर आडवी धावते. खाच खालच्या कडेला असेल तर हा धोका कितीतरी जास्त.

आता जागा कोणती निवडायची ते. वजन सारखे पसरलेले असेल, तर कडीला वाकवणारा जोर गाळ्याच्या मध्यावर सर्वांत जास्त असतो. आधारापासून पाव गाळ्यावर तो त्याच्या पाऊणपट असतो आणि दहाव्या हिश्शावर ३६ टक्के. कातरणाऱ्या जोराचे उलट आहे : आधाराशी सर्वांत जास्त, पाव गाळ्यावर निम्मा, मध्यावर शून्य. आणि हा कातरणारा जोर उंचीच्या दिशेने पाहिला, तर नेमका मध्यरेषेवर सर्वांत तीव्र असतो. एखादी जाड वही वाकवली की पाने एकमेकांवरून सरकतात. कडीच्या पोटात लाकडाचे थर तसेच सरकू पाहतात. म्हणून वाकण्याच्या दृष्टीने निवांत असलेली मध्यरेषा आधाराजवळ निवांत नसते, आणि भोक तिथे भिंतीला खेटून पाडायचे नसते.

ब्रिटनमधला प्रचलित नियम याच विचाराने केलेला आहे. भोक मध्यरेषेवर, व्यास उंचीच्या पाव हिश्शापर्यंत, आणि जागा आधारापासून गाळ्याच्या ०.२५ ते ०.४ या पट्ट्यात. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांत मोठ्या व्यासाच्या किमान तिप्पट अंतर. खाच घ्यायचीच असेल तर उंचीच्या आठव्या हिश्शापर्यंत खोल आणि आधारापासून गाळ्याच्या ०.०७ ते ०.२५ या पट्ट्यात. खाच आणि भोक यांच्यात १०० मिमी अंतर हवे. अमेरिकेची निवासी बांधकाम संहिता जरा मोकळी आहे. तिच्यात भोक उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत चालते, वरच्या-खालच्या कडेपासून आणि शेजारच्या भोकापासून किंवा खाचेपासून निदान २ इंच म्हणजे सुमारे ५० मिमी लाकूड राहिले पाहिजे. गाळ्याच्या लांबीत जागेचे बंधन भोकाला नाही, खाचेला मात्र मधला एक तृतीयांश गाळा पूर्ण वर्ज्य आहे. खाचेची खोली तिथे सहाव्या हिश्शापर्यंत आणि लांबी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत चालते.

आपल्या कामाला ब्रिटिश नियम धरावा असे आमचे मत. तो कडक आहे, आणि जुन्या घरातल्या लाकडाची प्रत कोणी तपासलेली नसते.

४ मीटर गाळ्यात ०.२५ ते ०.४ म्हणजे प्रत्येक आधारापासून १००० ते १६०० मिमी. भोकाचा कमाल व्यास ५६ मिमी. तुमच्या ४० च्या पाइपला ५० चे भोक पुरते आणि २० च्या पाइपला २६ चे. मध्यांतले अंतर ५० च्या तिप्पट, म्हणजे किमान १५०. भिंतीपासून ११०० वर गरम पाणी, १३०० वर सांडपाणी, १५०० वर गार पाणी अशा तीन समांतर रेषा आखल्या की सगळे नियमात बसते, आणि गरम-गार पाइपही एकमेकांपासून लांब राहतात.

एक अडचण नियमांत लिहिलेली नसते : सांडपाण्याला उतार लागतो. ४० च्या पाइपला मीटरमागे २५ मिमी, म्हणजे ४० ला १, हा चांगला उतार. पहिल्या कडीपासून पाचवीपर्यंत १६०० मिमी होतात, म्हणजे पाइप ४० मिमी उतरणार. सगळी भोके काटेकोर मध्यरेषेवर येणे अशक्य आहे. मग उतार वाटून घ्या. पहिल्या कडीत भोकाचा मध्य मध्यरेषेच्या २० मिमी वर, तिसरीत बरोबर मध्यरेषेवर, पाचवीत २० मिमी खाली. २० मिमी सरकलेल्या भोकानेही ताठपणा सुमारे ३ टक्केच घटतो आणि जवळच्या कडेला ६७ मिमी लाकूड उरते. एवढी सूट घ्यायला हरकत नाही. पण अंतर वाढत गेले तर ती पुरणार नाही. कडेपासून ५० मिमीची मर्यादा धरली, तर तुमच्या कडीत भोकाचा मध्य एकूण ७५ मिमी सरकू शकतो, म्हणजे या उताराने जास्तीत जास्त ३ मीटर. त्यापुढे पाइप कड्यांच्या खालून न्यावा लागेल किंवा मोरीच दुसऱ्या भिंतीला घ्यावी लागेल.

प्रश्न : भोके पाडायची हे पटले, पण दोन कड्यांच्या मध्ये ड्रिल मशीन मावत नाही. आणि भोके पडली तरी ताठ पाइप आत घालणार कसा?

बहुतेक खाचा याच दोन कारणांनी मारल्या जातात, म्हणून जरा सविस्तर.

कड्या ४०० मिमीने टाकलेल्या आणि ५० मिमी जाड असतील, तर मधली मोकळी पोकळी ३५० मिमी. नेहमीचे ड्रिल आणि त्यात लांब बिट मिळून तेवढी लांबी भरतेच, मग कारागीर मशीन तिरके धरतो. तिरके भोक लंबगोल होते, लाकूड जास्त खाते आणि पाइपला वाकडे ढकलते. त्यासाठी काटकोनी डोक्याचे ड्रिल आणा. भाड्याने मिळत असेल तर तेच बरे. बाजूची मूठ लावल्याशिवाय चालवू नका. ५० मिमीचे बिट गाठीत अडकले की मशीन मनगट पिरगाळते.

आखणीला दोरी वापरा, प्रत्येक कडीच्या कडेवरून टेप लावू नका. जुन्या कड्यांची उंची एकसारखी नसते. २२५ म्हणून टाकलेल्या कड्यांत एखादी २१५ ची निघते, एखादी वरून तासलेली असते. पहिल्या आणि शेवटच्या कडीवर उताराप्रमाणे दोन खुणा करा, दोरी ताणा आणि मधल्या कड्यांवर खुणा उतरवा. मग प्रत्येक खुणेपासून वरची आणि खालची कड मोजून किती लाकूड उरते ते त्या कडीवरच लिहून ठेवा. कुठे ५० मिमीपेक्षा कमी भरले, तर अजून काही पाडलेले नाही तोवरच रेषा बदला.

प्रत्येक खुणेवर आधी ६ मिमीचे भोक आरपार काढा. ते दुसऱ्या बाजूला नेमक्या जागी निघते का पाहा. निघाले तर त्याच भोकाच्या आधाराने होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची डबीसारखी गोल करवत, चालवा. होल सॉची खोली बरेचदा ४० मिमीच्या आसपास असते, ५० ची कडी एका बाजूने कापली जात नाही. अर्धे इकडून, अर्धे तिकडून कापा. याने दुसऱ्या बाजूच्या चिपाही उडत नाहीत. गिरमिटाच्या जाडसर बिटाने काम लवकर होते, पण बाहेर निघताना ते लाकूड फाडते, म्हणून टोक दिसले की थांबून मागून पूर्ण करा. खुणेवर मोठी गाठ आली तर तिथे भोक पाडू नका. गाठीभोवती शिरा वळलेल्या असतात, ती जागा आधीच कमजोर असते. रेषाच थोडी सरकवा.

आता पाइप. पाण्याच्या पाइपसाठी लवचीक पाइप वापरा, पेक्स (एका प्रकारचे प्लॅस्टिक) किंवा ॲल्युमिनिअमचा थर असलेला कंपोझिट. तो एका टोकाने ओढत न्यायचा, मध्ये एकही जोड नाही. वळण घेताना त्रिज्या बाहेरच्या व्यासाच्या आठपट ठेवा. त्याहून तोकडे वळवले तर पाइप चेमटतो. सीपीव्हीसीही थोडा वाकतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

सांडपाण्याचा पाइप ताठच असतो. सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे टोकाच्या भिंतीत त्याच रेषेत एक भोक पाडून अख्खा पाइप बाहेरून सरळ आत सरकवायचा. भिंतीतले भोक नंतर बुजवता येते. ते शक्य नसेल तर तुकडे जोडायचे. ३५० च्या पोकळीत सरळ बसेल असा तुकडा ३४० चा. कड्यांचे अंतर मात्र ४००, त्यामुळे जोड दर पोकळीला ६० मिमीने मागे सरकत जातात आणि एखादा नेमका कडीच्या पोटात येतो. जोड भोकात येऊ द्यायचा नाही. तो गळला तर दिसत नाही, आणि लाकूड आतून कुजते. आधी कागदावर मांडा आणि मध्ये एखादा तुकडा आखूड घेऊन जोड पोकळीत आणा. सोल्युशन लावण्यापूर्वी सगळे कोरडे जोडून पाणसळ लावा, तुकड्यांवर पेन्सिलीने क्रमांक घाला आणि मगच चिकटवा. सोल्युशन लागल्यावर दुरुस्तीला काही सेकंदच मिळतात.

प्रश्न : कमोडचा ११० मिमीचा पाइप कड्यांतून आडवा नेता येईल का? कड्या २२५ मिमीच्याच आहेत.

नाही.

तरी कोणीतरी आकडे मांडून दाखवील म्हणून खुलासा. १२० मिमीचे भोक मध्यरेषेवर पाडले तर ताठपणा सुमारे १५ टक्केच घटतो, हे गणित बरोबर आहे आणि फसवे आहे. कातरणारा जोर पेलायला २२५ पैकी १०५ मिमीच लाकूड उरते, म्हणजे निम्म्याहून जास्त गेले. वर आणि खाली ५२-५२ मिमीच्या दोन पट्ट्या राहतात. त्या एकत्र काम करीत नाहीत, भोकाच्या लांबीपुरत्या सुट्या-सुट्या वाकतात आणि भोकाच्या कडेशी चिरतात. आणि कमोड बहुधा भिंतीजवळच असतो, म्हणजे कातरणारा जोर सर्वांत जास्त तिथेच.

मोठ्या पाइपला तीन मार्ग आहेत. पहिला, तो कड्यांना समांतर न्या. दोन कड्यांमधल्या ३५० च्या पोकळीत ११० चा पाइप आरामात मावतो, उतारही मनाजोगता देता येतो, एकही भोक लागत नाही. यासाठी कमोडची जागा कड्यांच्या दिशेप्रमाणे ठरवावी लागते. नकाशा आधी आणि कड्या नंतर पाहण्याची चूक फार घरांत होते. दुसरा, पाइप कड्यांच्या खालून नेऊन खालच्या खोलीत छत थोडे उतरवा. तिसरा, वाटेतली कडी कापून तिचे टोक आडव्या लाकडावर टेकवा. ते आडवे लाकूड कडीच्याच उंचीचे हवे, बाजूच्या दोन्ही कड्या जोडीच्या कराव्या लागतात आणि सांधे लोखंडी हँगरवर घ्यावे लागतात. कापलेल्या कडीचे वजन त्या दोन कड्यांवर जाते, म्हणून हे काम हिशोब करून घेतल्याशिवाय सुरू करू नका, आणि कडी कापण्यापूर्वी खालून टेकू द्या.

प्रश्न : कडीचे टोक भिंतीत जाते तिथे खालून खाच घेतली तर? तिथे वाकवणारा जोर जवळजवळ नसतोच ना?

वाकवणारा नसतो, कातरणारा पुरेपूर असतो. टोकाशी खालून खाच घेतली की उरलेल्या लाकडावरचा कातरणारा ताण नुसता उरलेल्या उंचीच्या प्रमाणात वाढत नाही, वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाव उंची काढली तर तो १.७८ पट होतो. शिवाय खाचेच्या कोपऱ्यातून शिरांच्या दिशेने चीर सुटते आणि ती गाळ्याच्या दिशेने पुढे सरकते.

अमेरिकन संहिता टोकाशी पाव उंचीपर्यंत खाच चालवून घेते, पण ती कडी टेकवण्यासाठी. पाइपसाठी ती जागा वापरू नका. टेकवण्यासाठी घ्यावीच लागली तर आतला कोपरा चौकोनी ठेवू नका. कोपऱ्याच्या जागी आधी १२ मिमीचे भोक पाडा, मग त्या भोकापर्यंतच करवत न्या. कोपऱ्यापलीकडे गेलेला करवतीचा एक छेदही चिरेला वाट करून देतो.

प्रश्न : जुने घर घेतले. न्हाणीखालच्या एका कडीला जवळजवळ गाळ्याच्या मध्यावर ९० मिमी खोल खाच आहे, वरून. मजला चालताना हलतो. कडी बदलावी का?

कडी २२५ ची धरली तर १३५ उरली आहे. म्हणजे त्या छेदात बळ मूळच्या ३६ टक्के आणि ताठपणा २० टक्क्यांच्या थोडा वर. आजवर ती मोडली नाही याचे कारण वरच्या फळ्या थोडे वजन शेजारच्या कड्यांकडे वळवत आहेत. त्या भरवशावर भरलेली बादली आणि माणसे तिथे ठेवू नयेत.

कडी बदलायची गरज बहुधा पडत नाही, जोडकडी, म्हणजे तिच्या बाजूला चिकटवून बसवलेली दुसरी कडी, लावली की भागते. पण आधी पाइप हलवा. तो खाचेत राहिला तर नव्या लाकडालाही तिथेच खाच पडेल.

खालच्या खोलीतून कडीखाली आडवा ठोकळा धरून जॅक लावा आणि कडी सरळ होईपर्यंत हळूहळू उचला. एका वेळी एक-दोन मिमी, मध्ये थांबत. भसकन उचलली तर वरच्या भिंतीचे प्लास्टर तडकते आणि खाचेचे कोपरे चिरतात. लवलेल्या अवस्थेतच जोडकडी लावली तर ती त्या दिवशी काहीच वजन घेत नाही, आणि बाकही तसाच कायम होतो.

जोडकडी मूळ कडीच्याच उंचीची, सुक्या आणि सरळ लाकडाची घ्या. दोन्ही आधारांवर टेकेल अशी अख्खी लांबी उत्तम. ते जमत नसेल तर खाचेच्या दोन्ही बाजूंना किमान ६०० मिमी पुढे गेली पाहिजे. खाच मध्यावर असेल आणि गाळा मोठा असेल तर त्याहून बरीच जास्त, कारण वजन जोडकडीत शिरायला आणि तिच्यातून परत कडीत यायला दोन्ही बाजूंना पुरेसे बोल्ट लागतात. संपर्काच्या पूर्ण पृष्ठभागाला लाकडाचा चांगला बांधकामी गोंद लावा आणि एम-१२ चे, म्हणजे १२ मिमी व्यासाचे, बोल्ट मोठ्या वॉशरसह एक वर, एक खाली असे नागमोडी घाला. बोल्ट वरच्या-खालच्या कडेपासून ५० मिमी आणि लाकडाच्या टोकापासून ८५ मिमी आत असावा, नाहीतर ओढ आल्यावर तो लाकूड फाडून बाहेर येतो. खाचेच्या दोन्ही बाजूंना निदान चार-चार बोल्ट हवेत. खिळ्यांवर हे काम होत नाही. गोंद पुरता धरल्यावर जॅक उतरवा, तोही हळूहळू.

उथळ खाच असेल, म्हणजे २५-३० मिमीची, वरच्या कडेला आणि मध्यापासून दूर, तर पाइप काढून तिथे कठीण लाकडाचा ठोकळा गोंद लावून ठोकून घट्ट बसवता येतो. वरच्या कडेला दाब असल्यामुळे अगदी गच्च बसलेला ठोकळा तो दाब पुढे देऊ शकतो. सैल बसला तर नुसता भराव. खालच्या कडेच्या खाचेला हा उपाय मुळीच लागू नाही, कारण तिथे ताण आहे आणि ठोकळ्याच्या टोकांचा गोंदाचा सांधा ताण धरत नाही.

प्रश्न : गरम पाणी सोडले की फळ्यांखालून टकटक आवाज येतो. पाण्याचा हातोडा बसतो का?

आवाज नळ बंद करताना एकदाच जोरात येत असेल तर हातोडा, म्हणजे वाहते पाणी एकदम अडल्याने पाइपाला बसणारा धक्का. पाणी गरम होताना आणि नंतर पाइप निवताना हळूहळू, थांबून थांबून येत असेल तर पाइप लांबतो-आखडतो आहे आणि कडीच्या भोकात घासतो आहे.

५ मीटर पाइप ४० अंशांनी तापला तर तांब्याचा सुमारे साडेतीन मिमी वाढतो, सीपीव्हीसीचा १३ मिमी, पेक्सचा त्याच्याही दुप्पट. भोक पाइपाच्या व्यासाचेच पाडले असेल तर तो अडकतो, जोर साठतो आणि सुटताना टक्क वाजतो. भोक पाइपपेक्षा ५-६ मिमी मोठे ठेवा, आत प्लॅस्टिकची बाही किंवा नमद्याची पट्टी घाला आणि वळणापाशी पाइपाला हलायला थोडी जागा सोडा. भोकात सिमेंट किंवा फोम ठासून पाइप पक्का करू नका. भोक आधीच घट्ट असेल तर कानशीने मोठे करता येते, मात्र व्यासाची मर्यादा तीच.

गार पाण्याच्या पाइपाचे दुखणे निराळे. दमट हवेत त्याला घाम येतो आणि ते पाणी भोकाच्या कडेला लाकडात मुरते. कडीतून जाणाऱ्या गार पाइपावर इन्सुलेशनची नळी चढवायची असेल तर भोक तिच्या बाहेरच्या व्यासाचे धरावे लागते. २० च्या पाइपावर ९ मिमीची नळी म्हणजे ३८, वर थोडी मोकळीक धरून ४२. हे आखणीच्या वेळीच लक्षात घ्या.

प्रश्न : आमच्या मजल्याला इंग्रजी 'आय'च्या आकाराच्या तयार कड्या आहेत. त्यांनाही पाव उंचीचाच नियम?

नाही, त्यांना वर दिलेले काहीच लावू नका. या कडीत वरची आणि खालची पट्टी वाकण्याचे सगळे बळ देते. तिला खाच तर नाहीच, पण ओरखडाही नको. पट्टीत एक खाच पडली की कडी बाद समजावी. मधल्या पातळ पडद्यात मात्र भोक चालते, बरेचदा साध्या कडीपेक्षा मोठे. पडद्याचे काम कातरणारा जोर पेलण्याचे असल्यामुळे मोठे भोक गाळ्याच्या मध्याकडे पाडतात आणि आधाराजवळ लहान. नेमके माप कंपनीच्या तक्त्यात असते. तोच तक्ता वापरा, दुसऱ्या कंपनीचा चालत नाही. काही कड्यांच्या पडद्यात सुमारे ३८ मिमीच्या चकत्या आधीच अर्धवट कापून ठेवलेल्या असतात, त्या हातोडीने उडवून पाइप नेता येतो.

थर चिकटवून केलेल्या तयार तुळईला बनवणाऱ्याच्या लेखी सूचनेशिवाय भोक पाडू नये.

प्रश्न : फळ्या परत ठोकताना खिळा पाइपात जाऊ नये म्हणून काय करावे?

पाइप मध्यरेषेवर असेल तर काळजी थोडी. २२५ च्या कडीत ५० चे भोक मधोमध असेल तर वर ८७ मिमी लाकूड राहते, फळीतून गेलेला ६५ चा खिळा तिथवर पोचत नाही. भोकाची किंवा पाइपाची कड कडीच्या कडेपासून ३२ मिमीच्या आत येत असेल, तर तिथे १.५ मिमी जाडीची पोलादी पट्टी ठोका, पाइपाच्या दोन्ही बाजूंना थोडी पुढे जाईल एवढी रुंद. त्या पट्टीने खिळा अडतो, कडीचे गेलेले बळ परत येत नाही.

फळ्या बंद करण्याआधी चाचणी घ्या. पाण्याच्या पाइपांना नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन काटा उतरतो का ते तासभर पाहा. सांडपाण्याच्या पाइपाचे खालचे तोंड बुच मारून बंद करा, वरून पाणी भरा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरून फिरवा. सोल्युशनचे जोड डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण झाल्याशिवाय दाबाखाली घेऊ नका. सगळे ठीक असेल तर फळ्यांच्या वरच्या बाजूला पाइपांच्या रेषा खडूने आखून मापांसह फोटो काढून ठेवा, आणि पाइपांच्या वरच्या फळ्या खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवा.